नव्याण्णवच्या पुढची फाइल

हाज ताहरच्या घाण्यावरून लुत्फीला फोन आला नाही, असा दिवस गेल्या अकरा हंगामांत उगवला नव्हता. तो जेवायला बसला की फोन येई, दाढीला साबण लावला की येई, आणि दंतवैद्यापुढं आ वासून पडला असताना तर हमखास येई. लुत्फी तोंडानं वैतागायचा आणि पावलं मात्र भराभर टाकायचा. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढं जे झालं त्याबद्दल स्फाक्स शहरात कुणी घाणामालक हाजला बोल लावला, कुणी मशीनला, कुणी विजेला. पावलांबद्दल कुणी बोललं नाही.

लुत्फी मूळचा केर्केन्ना बेटावरचा. स्फाक्सच्या धक्क्यावरून बोटीनं सव्वा तासावर ते बेट. तिथं रमला गावात त्याची बायको रादिया आणि मुलगी इनेस राहत. हा मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारी घाण्यामागच्या खोलीत. जैतुनाचा, म्हणजे ऑलिव्हचा, हंगाम सुरू झाला की घाण्याला रविवार नसतो. एरवीही कधी डागडुजी, कधी सफाई, असं करत तो महिन्यातून दोनदा घरी गेला तरी डोक्यावरून पाणी. गेल्या उन्हाळ्यात तो घरी गेला तेव्हा इनेसनं त्याला पाहुण्यांसाठी जपून ठेवलेल्या कपातून कॉफी दिली. पोरीच्या मनात काही नव्हतं, पण लुत्फीला ती कॉफी गेली नाही.

घाण्यावर त्याला मानानं सगळे 'सी लुत्फी' म्हणत. काम वायरमनचं, पण मान एका संगणकामुळं. काचेच्या केबिनमध्ये तो संगणक होता, लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणारा. बाहेर दोन वजनकाटे. मोठ्यावर शेतकरी जैतुनाची पोती ठेवत, लहानावर त्यांच्याच तेलाचे डबे भरून बाहेर येत. शिवाय चिठ्ठ्या छापणारं यंत्र, आणि पोत्यांवरच्या पट्ट्या वाचणारं एक. सगळ्यांच्या वायरी या एका संगणकात.

या घाण्याची एक रीत आहे. पोती चढवण्याआधी शेतकरी स्वतः काट्यावर उभा राहतो. प्रत्येकाला आपलं वजन पाठ असतं, आणि संगणकाच्या काचेवरचा आकडा जुळला तरच तो पोतं ठेवू देतो. अकरा वर्षांमागं एका सकाळी वीज गेली आणि आली, आणि त्यानंतर अम् सालह, सगळ्या शेतकऱ्यांचे सालहकाका, काट्यावर चढले. अम् सालह म्हणजे शहाण्णव किलोचा ऐवज. काचेवर आकडा आला अठरा.

"लेकरा," अम् सालह हाजला म्हणाले, "तुझ्या घाण्यानं मला पिळून ठेवलं की रे. तेल किती निघालं ते तरी सांग."

हसून हसून लोकांची पुरेवाट झाली, पण त्या दिवशी तीन घरांची पोती दुसऱ्या घाण्याला गेली. काटे ठीकच होते. झालं होतं इतकंच, की वीज परत आल्यावर संगणकानं ज्याची वायर आधी सापडली त्याला पहिला म्हटलं, नंतर सापडली त्याला दुसरा. अम् सालह उभे होते मोठ्या काट्यावर आणि संगणक वाचत होता लहान काट्यावरचा डबा.

लुत्फीनं आठवडाभर डोकं घातलं आणि उपाय शोधला. लिनक्सला आपले नियम लिहून देता येतात. अमुक खुणेचं उपकरण दिसलं की त्याला अमुक नावानं हाक मार, ते आधी येवो की नंतर. एका उपकरणाला एक ओळ. त्यानं लिहिलं: हा 'जैतून', हा 'तेल'. दुसऱ्या दिवशी वीज पुन्हा गेली, आली, आणि अम् सालह शहाण्णवच भरले. हाजनं सगळ्यांदेखत लुत्फीला मिठी मारली. त्या मिठीनं माणूस बिघडला, असं म्हणायला हरकत नाही.

कारण नियमात एक खोट होती आणि ती त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. काट्याची वायर संगणकाला जोडणारी बोटभर डबी असते. दोन्ही डब्या स्वस्तातल्या होत्या आणि दोन्हींच्या पोटात कारखान्यानं एकच क्रमांक घातला होता. जुळ्या भावांना एकच नाव ठेवावं तसं. मग त्यांना वेगळं ओळखायचं कसं? लुत्फीनं खूण धरली ती भोकाची. संगणकाच्या वरच्या भोकात आहे तो जैतून, खालच्या भोकात आहे ते तेल. पिना जागच्या हलल्या नाहीत तोवर सगळं आलबेल.

आणि पिना तर दरवर्षी हलायच्या. हंगामाआधी बायका घाणा फरशीपासून छतापर्यंत गरम पाण्यानं आणि साबणानं धुतात. केबिनही धुतात. सगळ्या वायरी उपसतात, पुसून लख्ख करतात आणि ज्या भोकात बसेल त्यात खुपसतात. स्वच्छतेपुढं कुणाचं काय चालणार. लुत्फीनं नवीन डब्या आणल्या असत्या तर प्रश्न मिटला असता. त्याऐवजी तो दरवर्षी नव्या भोकासाठी नवी ओळ लिही आणि जुनी तशीच ठेवी. मशीन नियमांच्या फाइली क्रमांकानं वाचतं, मागून येणारी फाइल आधीच्या फाइलीवर मात करते. म्हणून त्याची पहिली फाइल दहा क्रमांकाची, मग वीस, मग पन्नास, मग नव्याण्णव. नव्याण्णवच्या पुढं जायची वेळ आली तेव्हा त्यानं नव्याण्णवला तीन वेळा झेड जोडलं आणि सुटला. सुटला म्हणजे अडकला, पण ते तेव्हा कळलं नाही.

मध्ये एकदा हाजचा जावई ट्यूनिसहून आला होता. शिकलेला. 'तासाभरात नीट करून देतो' म्हणून बसला, त्या फाइली उघडल्या, आणि जेवणापर्यंत घामाघूम होऊन उठला. त्या दिवशी लुत्फी दिवसभर शीळ घालत होता. आपल्यावाचून हे चालत नाही, यात त्याला सुख होतं. ते नसतं तर तो कोण? बोटीनं येणारे वायरमन स्फाक्समध्ये शेकड्यानं आहेत.

मग या ऑक्टोबरात रमलाच्या प्रशिक्षण केंद्राचं पत्र आलं. वीजकाम शिकवायला शिक्षक हवा होता, लुत्फीची निवड झाली होती. घरापासून चालत सात मिनिटं. सहा डिसेंबर, शुक्रवार, दुपारी एकच्या आत स्वतः हजर होऊन सही करायची, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणार. शेवटची ओळ रादियानं फोनवर त्याला दोनदा वाचायला लावली.

हाजनं आडकाठी केली नाही. तो म्हणाला, कुणाला तरी शिकव आणि सुखानं जा. शिकायला बसली सुआद. हिशेबनीस सुआद पंचेचाळिशीची, घाण्यावर लुत्फीपेक्षा जुनी, आणि तिच्या तोंडाला हाजसुद्धा वचकून असे. पहिल्या दिवशी तिनं फाइली उघडल्या, ओळी मोजल्या आणि चष्मा काढला.

"सी लुत्फी, चार उपकरणं आहेत ना आपली?"

"चार."

"मग या एकशे बारा ओळी कुणाच्या?"

लुत्फी एकेक ओळ सांगायला लागला आणि विसाव्या ओळीवर अडखळला. ती कशासाठी लिहिली होती तेच आठवेना. शेजारी त्यानंच लिहून ठेवलं होतं, 'तात्पुरतं, पुढच्या आठवड्यात काढणे.' तारीख सात वर्षांपूर्वीची. तिसाव्या ओळीवर त्यानं सांगणं सोडून दिलं. स्वतःचंच लिहिणं होतं आणि स्वतःलाच लागेना.

तरी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तो एकदा निघाला, बघू या कसं चालतं म्हणून. धक्क्यावर बोटीच्या रांगेत होता तोच फोन वाजला. चिठ्ठ्यांचं यंत्र आपण काटा असल्याचं सांगतंय. तो परतला. पुढच्या आठवड्यात पुन्हा निघाला, या वेळी बोट सुटली. अर्ध्या वाटेत सुआदचा फोन. वीज जाऊन आली, काचेवर आकडाच नाही, बाहेर लोक पोत्यांवर बसलेत. त्यानं फोनवरून एक पिन काढायला सांगितली, तिनं दुसरी काढली. बोट बेटाला लागली तेव्हा रादिया धक्क्यावर उभी होती, भाजलेल्या ऑक्टोपसचा डबा घेऊन. लुत्फीच्या कानाला फोन होता आणि दुसऱ्या हातानं तो कठडा धरून होता.

"उतरता तरी कशाला?" रादिया खालून म्हणाली. "डबा वरच फेकते."

फेकला नाही, खलाशाच्या हाती पाठवला. लुत्फी त्याच बोटीनं परत गेला. केर्केन्नाच्या उथळ पाण्यात कोळी खजुराच्या झावळ्यांची कुंपणं रोवतात. गळ नाही, आमिष नाही. मासा कुंपणाच्या कडेनं आपल्या आपण पोहत जातो आणि शेवटच्या खोलीत शिरतो. लुत्फीचा बाप हेच काम करायचा. परतताना बोटीतून ती कुंपणं दिसत होती आणि लुत्फीनं तिकडं पाहिलं नाही. डबा मांडीवर तसाच होता. त्याला बायकोची लाज वाटत होती आणि स्वतःचा संताप येत होता.

त्या संतापात त्यानं अकरा वर्षांत केलं नव्हतं ते तीन दिवसांत केलं. बंदराजवळच्या दुकानातून नव्या डब्या आणल्या, प्रत्येकीच्या पोटात वेगळा क्रमांक असलेल्या. आता पिन कुठल्याही भोकात घाला, क्रमांकावरून ओळख पटणार. जुन्या फाइली बाजूला काढल्या आणि नवी एक लिहिली, चार ओळींची. सुआदला ती समजली. नुसती समजली नाही, तिनं स्वतः सगळ्या वायरी उपसून उलट्यासुलट्या खुपसल्या, मशीन बंद करून चालू केलं आणि अम् सालहना काट्यावर चढवलं. एकशे एक.

"हे बरोबर आहे," अम् सालह पडेल आवाजात म्हणाले. "वाढलोय."

हे झालं गुरुवारी दुपारी, सहीच्या आदल्या दिवशी. पण लुत्फीनं एक ओळ ठेवली होती. नव्याण्णव झेड झेड झेड या फाइलीतली शेवटची. ती कशाची ते त्याला आठवत नव्हतं. आठवत होतं इतकंच, की तीन वर्षांपूर्वी त्यानं ती पुसली आणि दहा मिनिटांत चिठ्ठ्यांचं यंत्र अडकलं. परत लिहिली, यंत्र चालू झालं. खरं तर कागद अडकला असणार. हे त्यालाही कळत होतं.

"हिचं काम काय?" सुआदनं विचारलं.

"काहीतरी आहे."

"म्हणजे ठाऊक नाही. पुसू?"

"हात लावू नका तिला."

"अहो सी लुत्फी, मेलेल्या उंटाला किती दिवस चारा घालणार?"

लुत्फी हसला नाही. हात लावायचा नाही, असं त्यानं तिला पुन्हा बजावलं. संध्याकाळच्या चहाला हाजनं त्याला बोलावलं आणि कामातून मोकळं केल्याचा कागद सही करून हातात ठेवला. मग म्हणाला, "एक शब्द दे. उद्या दिवसभर तू इकडं फोन करायचा नाहीस. आम्हीही करणार नाही. काही झालं तरी आमचं आम्ही बघू, सगळं ठीक चाललंय इतकंच समज. जमेल?"

"न जमायला काय झालं," लुत्फी म्हणाला.

शुक्रवारी तो पहिल्या बोटीनं गेला. नऊला रमलाच्या केंद्रात पोचला. कारकुनानं कागद पाहिले, सगळे बरोबर होते. म्हणाला, केंद्राच्या मुख्य बाईसाहेब शेजारच्या गावी गेल्यात, दहा-सव्वादहापर्यंत येतील, सही त्यांच्यासमोरच करायची, बसा. लुत्फी बाकावर बसला. घरी रादिया कुसकुस, म्हणजे वाफवलेल्या रव्यावर माशाचा रस्सा, रांधत होती, तिनं सकाळीच फोनवर सांगितलं होतं, सही झाली की आधी फोन करा, मग मी रस्सा चढवते.

त्यानं फोन गुडघ्यावर ठेवला. घाण्यावर आठला पहिली पोती चढतात. सव्वाआठ होऊन गेले होते, साडेआठ होऊन गेले होते, आता साडेनऊ. फोन गप्प. सुरुवातीला त्याला हलकं वाटलं. मग त्यानं फोनचा आवाज मोठा केला. मग बाहेर अंगणात जाऊन आला, आत रेंज नसेल म्हणून. रेंज होती. कारकुनाला त्यानं स्वतःच्या नंबरावर फोन लावायला सांगितला. कारकुनानं लावला, फोन वाजला, कारकून त्याच्याकडं बघत राहिला.

सुआदनं ती ओळ पुसली असणार. हा विचार एकदा शिरला आणि तिथंच ठाण मांडून बसला. पुसली असणार, घाणा बंद असणार, लोक पोत्यांवर बसले असणार, आणि हाजनं शब्द दिलाय म्हणून कुणी फोन करत नसणार. मानी माणूस, मोडेल पण फोन करणार नाही. नऊ पंचेचाळीसला त्यानं घाण्यावर फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा सुआदच्या स्वतःच्या नंबरावर लावला. तोही वाजत राहिला.

सुआद फोन उचलत नाही असं कधीच झालं नव्हतं. लुत्फी उठला.

"अहो, बसा की," कारकून म्हणाला. "बाईसाहेबांची गाडी वळणावर आलीय, आताच कळलं. पाच मिनिटं."

"घाण्यावरून फोन आलाय," लुत्फी म्हणाला. "जावं लागेल."

कारकुनानं त्याच्या हातातल्या फोनकडं पाहिलं. तो वाजलेला नव्हता हे दोघांनाही माहीत होतं. लुत्फी रस्त्यावर आला, हात दाखवून एक टेम्पो थांबवला आणि धक्क्याकडं निघाला. घर डाव्या हाताला लागलं. त्यानं चालकाला थांबायला सांगितलं नाही.

अकराची बोट. सव्वा तास तो कठड्याशी उभा होता, फोन हातात धरून. समुद्रात उडी टाकून पोहत गेलो तर आधी पोचेन की काय, असं त्याला झालं होतं. आणि त्या सव्वा तासात त्यानं अल्लाकडं एकच मागणं मागितलं. सगळं बंद पडलेलं असू दे. मोठा काटा बंद असू दे, लहान बंद असू दे, लोक ओरडत असू देत, हाजचा चेहरा उतरलेला असू दे. नाहीतर मी का आलो?

घाण्याच्या दारातच त्याला दगडी चाकांची घरघर ऐकू आली. आत तेलाचा दरवळ होता. एक म्हातारी आपल्या पोत्यांवर बसून कोमट रोटी नव्या तेलात बुडवून खात होती. काट्यावर तिचा मुलगा चढला, काचेवर आकडा आला, त्यानं मान हलवली आणि पोतं ठेवलं. चिठ्ठी निघाली. दुसरं पोतं. चिठ्ठी. लुत्फी दारात उभा राहून पाहत होता, आणि कुणाचंही त्याच्याकडं लक्ष गेलं नाही.

सुआदनं काचेतून त्याला पाहिलं आणि ती पांढरी पडली. केबिनबाहेर आली.

"सही झाली?"

"ती ओळ पुसलीत तुम्ही?"

"आठ वाजता पुसली. मशीन बंद करून चालू केलं. काहीही झालं नाही. मागं मोडीत काढलेल्या यंत्राची असणार ती. सी लुत्फी, सही झाली का?"

"फोन का नाही उचललात?"

"शब्द दिला होता ना. तीनदा वाजला तेव्हा मी हातांवर बसून होते." तिनं चष्मा काढला. "उचलला असता तर तुम्ही काहीतरी विचारलं असतं, मग आणखी काहीतरी विचारलं असतं, आणि निघून आला असता. म्हणून नाही उचलला. तुम्ही सुटावं म्हणून."

लुत्फी तिच्या खुर्चीकडं बघत होता. खरं तर त्याचीच खुर्ची, पण पाठीला तिची शाल होती. हाज आतून आला, त्यानं लुत्फीला पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं. एकला दहा कमी होते. हाजला रागवायचं होतं, ते त्याला जमलं नाही. त्यानं लुत्फीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, आलाच आहेस तर हंगाम संपेपर्यंत राहा, पोती उतरवायला माणूस कमीच पडतोय. प्रेमानं म्हणाला. लुत्फीला वाटलं, यापेक्षा त्यानं हाकलून दिलं असतं तर बरं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. आवाज मोठाच होता, म्हातारीनंसुद्धा वळून पाहिलं. फोनच्या काचेवर रादियाचं नाव.

"उचला," सुआद म्हणाली.

त्यानं उचलला. पलीकडं भांड्यांचा आवाज येत होता, इनेस काहीतरी गुणगुणत होती. रादियानं विचारलं, झाली का सही, रस्सा चढवू का. मग ती थांबली. मागची घरघर तिला ऐकू गेली होती.

"घाण्यावर आहात?"

"हो."

भांड्यांचा आवाज थांबला. "त्यांनी बोलावलं?"

लुत्फीच्या तोंडावर 'हो' आलं होतं. अकरा वर्षं तेच उत्तर होतं आणि ते दर वेळी खरं होतं. सुआद समोर उभी होती, हाज समोर उभा होता.

"नाही," तो म्हणाला. "कुणीच बोलावलं नाही."